जुन्या जीपचा मागचा ॲक्सल: उतरवायचा कसा, दुरुस्त करायचा कसा, परत बसवायचा कसा

गेल्या पावसाळ्यानंतर तीन जण एकच तक्रार घेऊन आले, मागच्या चाकातून ऑइल येतंय, सील दोनदा बदललं तरी येतंयच. तिन्ही गाड्यांत सील ठीक होतं. ॲक्सलच्या नळीवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड, चिखलाने बंद झालेला. गाडी पळाली की आतलं ऑइल तापतं, हवा फुगते, तिला बाहेर जायला वाट नसली की ती सीलमधून ऑइल ढकलते, इतकं साधं. पण सील बदलायच्या नादात एकाने हबवर घण घालून शाफ्टचे आटे घालवले आणि दुसऱ्याच्या डाव्या-उजव्या शिम (खेळ ठरवणाऱ्या पातळ चकत्या) एकात एक मिसळल्या. म्हणून आता सगळं क्रमाने लिहितोय.

हे सगळं महिंद्राची सीजे ३बी आणि तिच्या जातीच्या जुन्या जीपबद्दल आहे, म्हणजे मागे डाना ४४ प्रकारचा ॲक्सल, टेपर म्हणजे टोकाला निमुळता शाफ्ट, आणि हबच्या मधोमध एक मोठा खाचांचा नट आणि त्यात स्प्लिट पिन. चाकाच्या मधल्या टोपीखाली असा नट दिसला तर पुढे वाचा. तिथे गोल फ्लँज आणि त्यावर गोलाकार बोल्ट दिसले तर तुमचा ॲक्सल वेगळ्या जातीचा आहे, त्याला यातली शाफ्टची आणि शिमची पद्धत लावू नका.

## आधी ठरवा: ॲक्सल खरंच उतरवायचाय का?

निम्म्या लोकांना ॲक्सल उतरवायची गरजच नसते. चाकाकडचं सील, चाकाचं बेअरिंग, शाफ्ट, ब्रेक, एवढंच नाही तर पिनियनचं सीलसुद्धा, हे सगळं ॲक्सल गाडीखाली असतानाच होतं. अख्खा ॲक्सल खाली घ्यायचा तो हाऊसिंग वाकलंय, पाटा बसतो ती बैठक तुटलीय किंवा गंजलीय, क्राउन पिनियनचं (डिफरन्शिअलमधल्या मुख्य गिअरच्या जोडीचं) पूर्ण काम करायचंय, किंवा गाडी चॅसीपासून उभी करताय तेव्हाच.

आवाजावरून बराच अंदाज येतो. ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक सूर, सोडल्यावर वेगळा सूर, आणि सूर वेगाबरोबर चढतो, तर संशय क्राउन पिनियनवर घ्या. घरघर सतत आहे आणि वळणावर एका बाजूला वजन गेलं की वाढते, तर चाकाचं बेअरिंग. गिअर टाकून क्लच सोडताना "टण्ण" होतं, तर आधी प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बघा, मग पाट्याला ॲक्सल धरणारे यू बोल्ट, मग हबची की, म्हणजे हब आणि शाफ्ट एकत्र फिरवणारी लोखंडी पट्टी. कीचा खाचा झिजलेला असला तर हब शाफ्टवर थोडा फिरतो आणि लोक त्यासाठी डिफरन्शिअल खोलून बसतात.

तपासा: ब्रीदर काढा, पेट्रोलने धुवा, तोंडाने फुंकून बघू नका, हवा मारून बघा. हवा आरपार गेली पाहिजे. मग शंभरेक किलोमीटर चालवा आणि त्यानंतरच सीलचा विचार करा. अर्थात ब्रेक लायनरवर ऑइल आलं असेल तर थांबायचं नाही, गाडी चालवायचीच नाही.

## १. तयारी

काम सुरू करायच्या दोन दिवस आधीपासून सगळ्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारत राहा. यू बोल्टचे नट, शॉकअपचे नट, ब्रेक पाइपचे नट, शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी कडी). सकाळी एकदा, रात्री एकदा. कोकणातली किंवा घाटमाथ्याची गाडी असेल तर तीन दिवस द्या. ब्रेक पाइपचा नट घाईत फिरवला की पाइप नटाबरोबर पिळला जातो आणि मग नवीन पाइप करायला धावपळ.

लागणारं सामान:

- चांगला जॅक, आणि चॅसीखाली लावायला दोन दणकट घोड्या. विटा, दगड, लाकडी ओंडके चालणार नाहीत
- चाकाच्या स्टडवर नटांनी आवळता येतो तो हबचा पुलर. तीन पायांचा ड्रमच्या कडेला अडकवायचा पुलर नको, त्याने ड्रम वाकतो
- हबच्या नटाला बसणारं सहा कोनी सॉकेट आणि लांब दांडा
- टॉर्क रेंच आणि डायल गेज (बारीक खेळ मोजायचं घड्याळ). विकत नको वाटलं तर भाड्याने आणा, ओळखीच्या लेथवाल्याकडून मागा, पण आणा
- पितळी ड्रिफ्ट, रबरी किंवा शिशाचा हातोडा
- दोन रिकामे डबे, एकावर "डावा" आणि एकावर "उजवा" लिहिलेलं
- ऑइल झेलायला पसरट घमेलं, डिझेल, चिंध्या

सामान आधी आणून ठेवा: दोन्ही बाजूंची आतली-बाहेरची सीलं, कव्हरचं गॅस्केट, स्प्लिट पिन, नवीन यू बोल्ट, ब्रेक ऑइल, आणि ईपी ९० जीएल-५ गिअर ऑइल. हायपॉइड गिअर आहे, दात एकमेकांवर घासत सरकतात, त्याला जीएल-५ लागतंच. तेच ऑइल उरलं म्हणून गिअरबॉक्समध्ये मात्र ओतू नका, तिथल्या पितळी सिंक्रो रिंगला ते मानवत नाही.

आणि आता सगळ्यात पहिली मोडतोड टाळणारी गोष्ट: ऑइल सोडायच्या आधी भरायचा प्लग उघडतो का ते बघा. वर्षानुवर्षं न उघडलेला प्लग गोल होऊन बसलेला असतो. आधी ऑइल खाली काढलं आणि मग प्लग उघडेना, असं झालं तर गाडी जागेवरून हलवता येत नाही.

## २. गाडी उचलताना

हे नीट वाचा, यात जीव जाऊ शकतो.

या जुन्या जीपचा हॅन्डब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर असतो. तो प्रोपेलर शाफ्टला धरतो, चाकाला नाही. त्यामुळे मागचं एक चाक उचललं की डिफरन्शिअलमुळे हवेतलं चाक उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं चाक पुढे चालू लागतं, हॅन्डब्रेक गच्च ओढलेला असतानाही. गिअरमध्ये ठेवली तरी तेच. आणि प्रोपेलर शाफ्ट सोडला किंवा एक शाफ्ट बाहेर काढला की मागच्या चाकांसाठी हॅन्डब्रेक आहे काय आणि नाही काय, सारखंच.

मी स्वतः हे एकदा भोगलंय. अंगणाला जेमतेम उतार होता, डोळ्यालाही कळणार नाही एवढा, डावं चाक उचललं आणि जीप जॅकवरून तिरकी होऊन वीतभर पुढे आली. पाय थोडक्यात वाचला. तेव्हापासून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून चार लाकडी पाचरी लावल्याशिवाय जॅकला हात लावत नाही.

क्रम असा:

१. सपाट, पक्की जमीन. पुढच्या चाकांना चार पाचरी.
२. चाकं जमिनीवर असतानाच मधली टोपी काढा, स्प्लिट पिन काढा, हबचा मोठा नट सैल करा. एकाने ब्रेक दाबून धरायचा. नट काढायचा नाही, फक्त अर्धा-एक आटा सैल.
३. चाकाचे नट सैल करा. जुन्या जीपला डाव्या बाजूच्या चाकांचे स्टड उलट्या आट्यांचे असायचे, स्टडच्या टोकावर "एल" असं अक्षर असतं. उलटे असतील तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर सुटतात. मध्येच कुणीतरी सरळ आट्यांचे बसवलेलेही असू शकतात, म्हणून प्रत्येक स्टड बघा. उलट्या आट्याच्या नटावर पाइप लावून जोर काढून किती स्टड तुटलेत याची गणतीच नाही.
४. डिफरन्शिअलच्या गोळ्याखाली जॅक लावून दोन्ही बाजू एकदम उचला, आणि घोड्या चॅसीखाली, मागच्या पाट्याच्या पुढच्या टोकाच्या थोडं पुढे लावा.
५. गाडी धरून दोन्ही बाजूंनी जोरात हलवा. हलली तर परत लावा. आता हलू दे, खाली गेल्यावर नको.

## ३. हब काढणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. हब आणि शाफ्ट टेपरवर बसलेले असतात, मध्ये की. वर्षानुवर्षांच्या दाबाने टेपर असा पकडतो की वेल्डिंग केल्यासारखं वाटतं.

चाक काढा. ब्रेक ॲडजस्टर सैल करा, नाहीतर शू ड्रमला अडवतात. नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आट्यांवर राहू द्या, कारण टेपर सुटतो तेव्हा बंदुकीच्या गोळीसारखा आवाज करून सुटतो आणि नट नसला तर हब-ड्रम अंगावर येतो. पुलर स्टडवर समान आवळा, मधला स्क्रू घट्ट करा, मग पुलरच्या स्क्रूच्या डोक्यावर एक ठोका, परत घट्ट, परत ठोका.

नाहीच निघाला तर पुलर ताणलेला ठेवून रात्रभर सोडून द्या. माझ्या एका गाडीचा उजवा हब संध्याकाळभर हलला नाही, दांड्याला लोंबकळलो तरी नाही. रात्री जेवायला बसलो तेव्हा अंगणातून "ठाण्ण" आवाज आला, बाहेर जाऊन बघतो तर हब नटावर येऊन टेकलेला.

हे करू नका: शाफ्टच्या टोकावर घण घालू नका. या ॲक्सलमध्ये दोन्ही शाफ्टची आतली टोकं डिफरन्शिअलच्या मधल्या एका ठोकळ्यावर टेकतात. एका बाजूला मारलेला ठोका त्या ठोकळ्यातून पलीकडच्या शाफ्टला आणि तिथून पलीकडच्या बेअरिंगला बसतो. आटे फुलतात ते वेगळंच. हबला गॅसची आग पण लावू नका, सील जळतं आणि बेअरिंगच्या पोलादाचं पाणी उतरतं.

तपासा: की आणि शाफ्टचा खाचा बोटाने चाचपा. खाचेची कड गोल झाली असेल किंवा कीवर पायरी पडली असेल तर नुसती नवीन की टाकून भागणार नाही, शाफ्ट किंवा हब बदलायची तयारी ठेवा.

## ४. शाफ्ट आणि शिम

शू आणि ड्रममधली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

ब्रेक पाइप व्हील सिलेंडरपासून सोडा आणि तोंड लगेच बंद करा. मग बॅकिंग प्लेटचे बोल्ट काढा. या बोल्टांनी ब्रेकची प्लेट, सीलचा रिटेनर आणि पातळ शिम, सगळं एकत्र हाऊसिंगला धरलेलं असतं. प्लेट हळूच ओढा, मागे चिकटलेल्या शिम सोलून काढा, त्याच बाजूच्या डब्यात टाका. एकही शिम दुमडली नाही पाहिजे. मोजून कागदावर लिहा: डावीकडे किती, उजवीकडे किती, एकूण जाडी किती.

शिम का जपायच्या ते सांगतो, कारण कारण कळलं की माणूस जपतो. बेअरिंग टेपर रोलरचं आहे आणि रोलरची निमुळती बाजू बाहेर असते. म्हणजे प्रत्येक बेअरिंग आपल्या शाफ्टला फक्त बाहेर जाण्यापासून अडवतं. आत यायचा जोर मधल्या ठोकळ्यातून पलीकडच्या शाफ्टवर जातो आणि पलीकडचं बेअरिंग तो पेलतं. दोन्ही शाफ्ट आणि ठोकळा मिळून एकच लांब दांडा असल्यासारखं वागतात आणि त्या दांड्याचं आडवं खेळणं शिमच्या जाडीवर ठरतं. शिम वाढवली की बेअरिंगचा कप, म्हणजे बाहेरची रिंग, बाहेर सरकतो, खेळ वाढतो. कमी केली की खेळ कमी.

शाफ्ट ओढून काढताना आतलं सील जाणारच, ते बदलायचंच आहे. शाफ्ट सरळ ओढा, लोंबकळू देऊ नका.

नुसतं सील-बेअरिंगचं काम असेल तर पाचवी पायरी सोडून सरळ सहावीवर या.

## ५. ॲक्सल खाली घेणं

१. भरायचा प्लग उघडून मग ऑइल काढा. खाली प्लग नसेल तर मागच्या कव्हरच्या दहा बोल्टांपैकी खालचे काढा, वरचे दोन सैल ठेवा, कव्हर अलगद सोडवा. ऑइल घमेल्यात पडताना बघत राहा. चंदेरी झाक असणं जुन्या ॲक्सलला साधारण आहे, पण बोटात टोचणारे तुकडे, पापुद्रे आले तर डिफरन्शिअल खोलायचंच. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय.
२. प्रोपेलर शाफ्टवर आणि पिनियनच्या योकवर (क्रॉस बसतो त्या तुकड्यावर) खडूने नाही, पंचने खूण करा. क्रॉसचे यू बोल्ट काढले की दोन्ही मोकळ्या टोप्यांवरून लगेच चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर सुया मातीत सांडतात. शाफ्ट चॅसीला तारेने बांधा.
३. ब्रेकचा रबरी होज सोडा. आधी होजवरचा नट धरा आणि मग पाइपचा नट फिरवा. तोंड बंद. ब्रेक ऑइल रंगावर पडलं तर लगेच पाण्याने धुवा.
४. शॉकअपची खालची टोकं सोडा.
५. गोळ्याखाली जॅक लावून ॲक्सलचं वजन घ्या, मग यू बोल्टचे नट काढा. इथे कुणीतरी मदतीला लागतोच, एकट्याने करू नका, ॲक्सल जॅकवर गोल फिरतो.
६. पाटे ॲक्सलच्या खालून गेलेले असतील तर मागचे शॅकल सोडून पाटा खाली टेकवा आणि ॲक्सल मागे ओढा. पाटे वरून असतील तर ॲक्सल जॅकसकट खाली येतो.

तपासा: पाट्याच्या मधल्या सेंटर बोल्टचं डोकं. ते ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं आणि ॲक्सल पुढे-मागे सरकू देत नाही. तिरकं घासलेलं किंवा तुटलेलं दिसलं तर ॲक्सल आधीच सरकत होता, टायर एका बाजूने का खातोय त्याचं उत्तर बहुतेक तिथेच आहे.

## ६. साफसफाई, तपासणी, दुरुस्ती

आधी बाहेरून खरवडून धुवा, मगच कव्हर काढा. उघड्या डिफरन्शिअलजवळ तारेचा ब्रश चालवू नका.

हाऊसिंग. नळ्या मधल्या बिडाच्या गोळ्यात दाबून बसवलेल्या आणि वेल्डने पक्क्या केलेल्या असतात. ओव्हरलोड गाडीत किंवा खड्ड्यात आपटलेल्या गाडीत इथे बारीक तडा जातो. डिझेल लावून पुसा, वर खडूची पूड मारा, तडा असेल तर काळी रेघ उमटते. वाकलेलं हाऊसिंग लेथवाल्याकडे तपासून घ्या. तडा दिसला की शेजारच्या वेल्डरकडून भरून घेऊ नका, एका बाजूने तापवलेली नळी थंड होताना ओढली जाते आणि मग नवीन बेअरिंगही टिकत नाही. पाट्याची बैठक वेल्ड करायची असली तरी थोडं थोडं, बाजू बदलत, मध्ये थंड होऊ देऊन.

बेअरिंग. जुनं बेअरिंग प्रेसवर काढा. नवीन बसवताना जोर फक्त आतल्या रिंगवर, निमुळती बाजू बाहेर. रोलरच्या पिंजऱ्यावर पाइप ठेवून ठोकलेलं बेअरिंग नवीन असूनही हजार किलोमीटरमध्ये घरघरतं. कप पण नवीनच, जुन्या कपात नवीन रोलर कधीच नाही. शाफ्टवर जिथे सील घासतं तिथे नख फिरवा. नख अडकलं तर चर पडलाय, नवीन सील लावूनही गळणार, तिथे स्लीव्ह बसवून घ्या.

बेअरिंगमध्ये ग्रीस हाताने दाबून भरा, रोलरच्या एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. नळीवर ग्रीस निपल असेल तर नंतर गनने भरभरून मारू नका, जास्तीचं ग्रीस बाहेरचं सील ढकलून लायनरवर येतं. लोक याला ऑइल लीक समजतात. बोटावर घेऊन बघा: घट्ट, गोळे होणारं असेल तर ग्रीस, पातळ आणि उग्र गंधकाच्या वासाचं असेल तर गिअर ऑइल.

डिफरन्शिअल. इथे माझं स्पष्ट मत आहे. आवाज नव्हता, ऑइलमध्ये तुकडे नव्हते, दात शाबूत आहेत, तर हात लावू नका, धुवा आणि बंद करा. बॅकलॅश, म्हणजे दातांमधला मोकळा खेळ, डायल गेजने बघा, ०.१५ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास असेल तर छान. खोलायचंच असेल तर दोन्ही बेअरिंग कॅपवर आधी खूण करा. डावी-उजवी, वर-खाली, काहीच बदलता येत नाही, कारण कॅप हाऊसिंगबरोबरच एकत्र बोअर केलेल्या असतात. क्राउन आणि पिनियन नेहमी जोडीनेच बदलायचे, दोघांवर जुळता नंबर असतो. आणि त्यांची खोली, बॅकलॅश, दातांवरचा रंगाचा ठसा, हे बसवणं ज्याने आधी केलंय त्याच्याकडूनच करून घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असे हात आहेत, तुमच्या जवळच्या गावातही विचारलं तर जुना माणूस सापडतो.

पिनियनचं सील बदलताना योकवरचा चरही बघा. या जुन्या डाना ४४ मध्ये पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) शिमवर असतो, चेपणाऱ्या स्लीव्हवर नाही, म्हणून नट पूर्ण आवळायचा, २७० ते ३०० न्यूटन मीटर. "थोडा सैलच ठेव, बेअरिंगला बरं" हा सल्ला चुकीचा आहे.

जुन्या बाजारातून दुसरा ॲक्सल आणत असाल तर: कुर्ल्याला सीएसटी रोडवर असो की आणखी कुठे, कव्हर उघडून दात मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. सीजे ३बी ला ४३ आणि ८ दात, म्हणजे ५.३८ चं प्रमाण. पुढच्या ॲक्सलचं प्रमाण तेच पाहिजे. दोन्हींत फरक असला आणि फोर व्हील लावली तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि डांबरावर काही वेळातच काहीतरी तुटतं.

## ७. ॲक्सल परत खाली

ब्रीदर आधी बसवा, नवीन किंवा धुतलेला. नंतर विसरतो.

ॲक्सल जॅकवर घेऊन सेंटर बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात बरोबर बसवा, हात घालून खात्री करा. यू बोल्ट नवीन. जुना यू बोल्ट एकदा ताणला गेलेला असतो, आट्यांवर लांबलेला दिसतो, तो परत तसा आवळत नाही. चारही नट कोपऱ्याकोपऱ्याने, एक इकडचा एक तिकडचा, हळूहळू आणि तूर्त अर्धेच आवळा.

शॅकल आणि शॉकअप जोडा, पण रबरी बुश असतील तर बोल्ट गच्च करू नका. गाडी हवेत असताना गच्च केलेला रबरी बुश गाडी खाली आली की पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर आल्यावरच.

प्रोपेलर शाफ्ट पंचच्या खुणांवर जोडा. मधला सरकता जॉइंट काढला असेल तर त्यावरचे दोन बाण समोरासमोर आणा, एक दात जरी चुकला तरी ठराविक वेगाला गाडी थरथरते आणि लोक टायर बॅलन्स करत फिरतात.

## ८. शाफ्ट आणि एंड प्ले (शाफ्टचा आत-बाहेर खेळ)

आतलं सील बसवताना त्याच्या ओठाला ऑइल लावा, ओठ डिफरन्शिअलकडे. शाफ्ट आत घालताना त्याच्या आतल्या टोकाचे खाचे सीलवरून ओढू नका, एका हाताने नळीच्या तोंडाशी शाफ्ट उचलून धरा. सील फाटतं ते इथेच, आणि कळतं आठवड्याने.

कप बसवा, मग जुन्याच शिम त्याच बाजूला, बॅकिंग प्लेट, बाहेरचं सील, रिटेनर, बोल्ट गच्च.

आता मोजायचं. आधी दोन्ही शाफ्टच्या टोकांवर शिशाच्या किंवा रबरी हातोड्याने एकेक बेताचा ठोका द्या, म्हणजे दोन्ही कप आपापल्या जागी बाहेर टेकतात. वर घण मारू नका म्हटलं आणि इथे ठोका म्हणतोय, फरक समजून घ्या: हा मऊ हातोडा आहे आणि हे टेकवणं आहे, हब फोडणं नाही. मग डायल गेज एका शाफ्टच्या टोकाला लावून शाफ्ट आत-बाहेर ओढा. ०.१ ते ०.२ मिलिमीटर खेळ पाहिजे.

जास्त आला तर शिम कमी करा, कमी आला तर वाढवा. आणि जे कराल ते दोन्ही बाजूंना वाटून, म्हणजे मधला ठोकळा मध्येच राहील. एकाच बाजूच्या सगळ्या शिम काढल्या तर आकडा बरोबर येतो पण ठोकळा एका बाजूला सरकतो.

डायल गेज नाही म्हणून हाताने "टक" लागतंय, बस झालं, असं करू नका. दोनशे किलोमीटरवर हब हाताला चटका देतो तेव्हा कळतं की खेळ शून्य होता.

## ९. हब आणि नट

शाफ्टचा टेपर आणि हबचं आतलं तोंड पेट्रोलने पुसून कोरडं करा. ग्रीस नाही, ऑइल नाही. की आधी शाफ्टच्या खाचेत तळापर्यंत बसवा आणि मग हब सरकवा. की वर उचलली गेली तर हब अर्धाच बसतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

वॉशर, नट, आणि चाक लावून गाडी जमिनीवर आल्यावर टॉर्क रेंचने किमान २०० न्यूटन मीटर. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट मागे फिरवायचा नाही, पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळायचा. या एका गोष्टीवर वाद घालणारे पुष्कळ भेटतील. मागे फिरवलेला नट म्हणजे टेपर न पकडलेला हब, मग सगळा जोर कीवर, की कापली जाते, आणि गाडी घाटात असेल तर पुढचं सांगायला नको.

## १०. ब्रेक, ऑइल, पहिली फेरी

शू ऑइलमध्ये भिजले होते? फेकून द्या, दोन्ही बाजूंचे. पेट्रोलने धुऊन, जाळून, पॉलिश पेपर मारून वापरलेला लायनर गरम झाला की आतलं ऑइल परत वर आणतो आणि गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते.

ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकच्या पाइपमधली हवा काढणं, मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा. ब्रेकचं पेडल पाच मिनिटं दाबून धरा आणि सगळे जोड कोरड्या कागदाने पुसून बघा.

डिफरन्शिअलच्या कव्हरचे बोल्ट आडवे-तिडवे आवळा. ऑइल भरायच्या भोकातून ओघळेपर्यंत भरा, गाडी सपाट असताना. ओघळ थांबू द्या मग प्लग लावा. वरपर्यंत दाबून भरलेलं जास्तीचं ऑइल सीलमधूनच बाहेर येतं.

आता गाडी जमिनीवर, दोघे जण मागच्या बाजूला वजन देऊन पाटे चार-पाच वेळा दाबा, आणि मग यू बोल्ट, शॅकल, शॉकअप शेवटचे गच्च करा.

पहिली फेरी दहा किलोमीटर, घाट नको, माल नको. परत आल्या आल्या दोन्ही हब आणि गोळ्याला हात लावा. कोमट ठीक, दोन्ही बाजू सारख्या पाहिजेत. एक बाजू हात ठेवता येणार नाही इतकी गरम असेल तर आधी ॲडजस्टर बघा, शू घासत असतील, आणि ते नसेल तर एंड प्ले परत मोजा. ड्रमच्या आतल्या कडेखाली पांढरा कागद ठेवून रात्रभर गाडी उभी करा.

शंभर किलोमीटरनंतर स्प्लिट पिन काढून हबचा नट परत टॉर्कने बघा, यू बोल्ट पण. पहिल्यांदा बघताना नट जवळजवळ नेहमीच थोडा पुढे जातो. नवीन बेअरिंग किंवा क्राउन पिनियन टाकलं असेल तर ५०० किलोमीटरला ऑइल बदला, आणि काढलेल्या ऑइलमधून एक लोहचुंबक फिरवून त्याला काय चिकटतंय ते उजेडात बघा.